वेताळाले तिकडं कायले नेलं?

आमच्या अकोला-अमरावतीकडे बाबांच्या पिढीला सुपरहिरो म्हणजे इंद्रजाल कॉमिक्स (१९६४ ते १९९०). वेताळ, जादूगार मॅण्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन सगळे त्यात होते, पण सहसा ज्याचा अंक त्याचा. १९८६ मध्ये अमेरिकेत 'डिफेंडर्स ऑफ द अर्थ' ही कार्टून मालिका आली आणि या तिघांची, सोबत लोथारची, एक टीम झाली. शत्रू कोण? मोंगो ग्रहाचा मिंग!

फ्लॅशला काय, त्याचं मिंगशी १९३४ पासूनचं वैर. पण वेताळ? त्याची खरी ताकद म्हणजे अफवा राव. चारशे वर्षं बापाचा मुखवटा मुलगा चढवतो, आणि जंगलाला वाटतं हा मरतच नाही. मिंगच्या यंत्रमानवांना हे कोण सांगणार? मग लेखकांनी त्याला हाक मारताच दहा वाघांचं बळ येईल अशी सोय केली. चक्क पॅच मारला :) बाबांना सांगितलं तर म्हणाले, "त्याले तिकडं कायले नेलं रे?"

अ‍ॅव्हेंजर्स १९७१ मध्ये क्री-स्क्रल युद्धात पडले, तेव्हा थॉर, व्हिजनसारखे गडी होते. अंतराळातलं भांडण त्यांना झेपलं. 'डिफेंडर्स'चं कॉमिकही मार्वलनंच काढलं, १९८७ मध्ये. चार अंकांत बंद.