तेरा तास, साडेनऊ तास, पुन्हा तेरा तास

फोनवर हेलसिंकी ते टोकियो अंतर शोधलं तर उत्तर येतं सुमारे ७,८०० किलोमीटर. पृथ्वीच्या गोलावर दोरी ताणून मोजावं तसा हा आकडा. शहरं जागची हलत नाहीत, त्यामुळे तो बदलत नाही. बदलत आलेत ते प्रवासाचे तास.

कारण ही दोरी जवळजवळ सगळी रशियावरून जाते. सोव्हिएत काळात सायबेरियाचं आकाश परक्या विमानांना सहजासहजी मिळत नसे. म्हणून युरोपातली बरीच विमानं उत्तरेला वळून अलास्कातल्या अँकरेजला उतरायची, इंधन भरायची आणि मग जपान गाठायची. कोपनहेगनहून एसएएसने ही वाट १९५७ साली सुरू केली होती.

२२ एप्रिल १९८३ रोजी फिनएअरचं डीसी-१० हेलसिंकीहून उडालं ते कुठेही न थांबता टोकियोला उतरलं. पश्चिम युरोपातून हे आधी कुणाला जमलं नव्हतं. उत्तर ध्रुव, बेरिंगची सामुद्रधुनी, सोव्हिएत हद्दीला लांबून वळसा : सुमारे तेरा तास. त्यासाठी विमानात इंधनाची जादा टाकी होती. ध्रुवाजवळ होकायंत्रावर भरवसा ठेवता येत नाही, त्यामुळे विमान कुठे आहे याचा हिशोब विमानातली यंत्रंच ठेवत.

तो हिशोब चुकला, किंवा त्याकडे लक्ष राहिलं नाही, तर काय होतं हे त्याच वर्षी १ सप्टेंबरला दिसलं. अँकरेजहून सोलला निघालेलं कोरियन एअरलाइन्सचं ००७ हे विमान वाट सोडून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि लढाऊ विमानाने ते पाडलं. आतली २६९ माणसं गेली. एकही वाचलं नाही. त्यानंतर दोन आठवड्यांनी रेगन सरकारने जाहीर केलं, की अमेरिकन लष्करासाठी उभी राहत असलेली जीपीएस यंत्रणा पूर्ण झाल्यावर नागरी विमानांनाही वापरता येईल. आपल्या नकाशातल्या निळ्या ठिपक्यामागे ही रात्रही आहे.

सोव्हिएत संघ मोडला, सायबेरियाचं आकाश खुलं झालं आणि तेराचे साडेनऊ तास झाले. अर्थात फुकट नाही. रशिया त्यावरून जाण्याचे पैसे घेई. तरीही फिनएअरने या जवळच्या वाटेवर आपला धंदाच उभा केला. युरोपातला प्रवासी हेलसिंकीला आणायचा आणि तिथून आशियात न्यायचा. शेजाऱ्याचं दार कायम उघडं राहील, हे त्यात गृहीतच धरलेलं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. युरोपीय संघाने रशियन विमानांना आकाश बंद केलं, रशियाने उलट तेच केलं. मार्चमध्ये फिनएअर पुन्हा ध्रुवावरून टोकियोला निघाली. पुन्हा तेरा तास. विमानं नवी, इंजिनं कितीतरी चांगली, आणि वेळ १९८३ सालचीच! या वाटेने जाणाऱ्या प्रवाशांना उत्तर ध्रुव ओलांडल्याचं प्रमाणपत्र मिळू लागलं.

चिनी कंपन्यांवर मात्र रशियाने बंदी घातलेली नाही. त्यांची युरोपला जाणारी विमानं अजून सायबेरियावरूनच जातात.