भरावाखालची मुळे : आपल्या आवारातील झाडांचा इतिहास

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी सोसायटीचा इतिहास लिहा, असं संपादक मंडळाने सांगितलं. नोंदणी कधी झाली, पहिली कमिटी कोणाची, पाण्याचं कनेक्शन मिळवताना किती चपला झिजल्या, हे सगळं इतर लेखांत येणारच आहे. मी झाडांचा इतिहास लिहायचं ठरवलं, कारण त्याची फाईल आपल्या ऑफिसच्या कपाटात नाही. शिवाय पुनर्विकासाची कुजबुज वार्षिक सभेत सुरू झाली आहे. तो विषय अजेंड्यावर येण्याआधी हे कुठेतरी छापलेलं असावं.

आपण राहतो ती जमीन मुळात वाडी. नव्या पिढीसाठी सांगतो, वसईत वाडी म्हणजे केळी, पानवेली, कडेने नारळ-सुपारी, बांधावर आंबा-चिंच आणि एका कोपऱ्यात बावखल. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, मुरायचं आणि आसपासच्या विहिरींना मिळायचं. समुद्र इतक्या जवळ असून विहिरी गोड राहायच्या त्या अशा मुरलेल्या पाण्यावर.

१९८०चं दशक संपता संपता इथला हरित पट्टा बांधकामाला खुला होऊ लागला आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. १९९० साली सिडको नियोजन प्राधिकरण म्हणून आली, आणि २००९ च्या जुलैत चार नगरपरिषदा व आसपासची गावं मिळून महानगरपालिका झाली. पश्चिमेच्या गावांत आज जी हिरवळ दिसते तिचं बरंचसं श्रेय मी त्या चळवळीला देतो. स्टेशनजवळच्या वाड्या मात्र गेल्या. त्या आपल्यासारख्या, मुंबईत जागा न परवडणाऱ्या नोकरदारांसाठीच गेल्या, हेही सांगायला हवं.

आपली इमारत १९९८ ते २००० या काळात उभी राहिली. बिल्डरने वाडीतली अकरा झाडं राखली होती आणि जाहिरातपत्रकात त्यांचा फोटोही होता. त्यांतली आज पाच आहेत. गंमत अशी की उरलेल्या सहांपैकी पाचांवर कुणी कुऱ्हाड चालवली नाही. ती उभ्या-उभ्या वाळली किंवा पडली.

पश्चिमेच्या कोपऱ्यातला रायवळ आंबा जुन्या सभासदांना आठवत असेल. २००१ साली तो असा मोहरला की घरोघरी पिशवीभर कैऱ्या वाटल्या गेल्या. दुसऱ्या वर्षी शेंडे वाळले. २००४ मध्ये नुसता सांगाडा उरला आणि परवानगी काढून तो उतरवावा लागला. कुणी म्हणालं कीड लागली, कुणी म्हणालं नजर लागली. खरं कारण आम्हाला सतरा वर्षांनी कळलं.

वसई सखल आहे. म्हणून इथे कुठलंही बांधकाम भरावाने सुरू होतं. रस्ता उंच, म्हणून जोतं उंच, म्हणून आवारही उंच. आपल्या आवारात दोन-अडीच फूट मुरूम पडला आणि रोलर फिरला. झाड हलवलं नाही, तोडलं नाही, फक्त गळ्यापर्यंत पुरलं. झाडाची अन्नपाणी घेणारी बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांत असतात आणि त्यांना हवा लागते. वर दाबलेला मुरूम आला की ती गुदमरतात. त्यात आंब्याखालीच रेती-खडीचा ढीग होता आणि मिक्सर तिथेच धुतला जायचा. ते चुनखडीचं पाणी जमिनीचा गुणधर्मच बदलून टाकतं. झाड लगेच मरत नाही. आत साठवलेल्या अन्नावर तीन, चार, पाच वर्षं काढतं. मरण जवळ आलेलं झाड पुष्कळदा शेवटचा मोठा बहर देतं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर खातं मुद्दलावर चाललेलं असतं आणि आपण व्याज आलं म्हणून खूश असतो. तोवर बिल्डर हिशेब पूर्ण करून गेलेला असतो.

झाडांविषयीचा कायदा आपल्याकडे नवा नाही. शिवकाळाचा अनुभव गाठीशी असलेल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लाकूड हवं असतानाही रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, अशी ताकीद आहे. अगदी जीर्ण झाड लागलंच, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन घ्यावं. १९६४ च्या कायद्याने आंबा, फणस, चिंच अशा ठरावीक जातींच्या तोडीवर निर्बंध आणले. १९७५ साली शहरांसाठी वृक्ष संरक्षणाचा कायदा झाला, त्यातून वृक्ष प्राधिकरणं आली. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरचं झाड ‘हेरिटेज’ ठरलं आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावायची, असा नियम झाला.

या १९७५ च्या कायद्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत जाळणं, कापणं याबरोबर झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही धरलं आहे. म्हणजे आपला आंबा कायद्याच्या भाषेत तोडलाच गेला होता. पण असा गुन्हा पाच वर्षांनी उघडा पडतो. पंचनामा कशाचा करणार?

१७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आलं. गेटजवळचा गुलमोहर मुळासकट पार्किंगवर आडवा झाला. दोन स्कूटर गेल्या, माणसं वाचली. बाहेरच्या गटाराच्या खोदकामात ठेकेदाराने त्याची रस्त्याकडची मुळं सरळ रेषेत छाटली होती. पुढच्याच सभेत मागणी आली, की उत्तरेची मोठी चिंचही काढून टाका. भीती खोटी नव्हती. चिंचेच्या फांद्या बी विंगच्या गॅलऱ्यांवर येतात आणि खाली मुलं खेळतात. दोन तास वाद झाला. शेवटी एका सभासद ताईंनी सुचवलं, की इमारतीसाठी स्ट्रक्चरल ऑडिटर आणतो, तसा झाडासाठीही जाणकार आणू. ठराव झाला, फी मंजूर झाली आणि एक वृक्षतज्ज्ञ आले. त्यांना आर्बोरिस्ट म्हणतात, हा शब्द आमच्यापैकी बहुतेकांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

त्यांनी आधी वर पाहिलंच नाही. गुडघ्यांवर बसून खुरप्याने बुंध्याजवळची माती काढायला लागले. म्हणाले, झाड जमिनीत शिरताना हत्तीच्या पायासारखं फाकलेलं दिसलं पाहिजे. तुमची चिंच विजेच्या खांबासारखी सरळ आत गेली आहे, म्हणजे ती पुरली गेली आहे. मग लाकडी हातोडीने खोड ठोकून पोकळी तपासली. आंब्याची हकिगतही त्यांनीच उलगडून सांगितली. चिंचेकडे भराव फूटभरच पडला होता, म्हणून ती तगली. पेव्हर ब्लॉक काढले, मुरूम हाताने उपसला, वर पालापाचोळा पसरला. फक्त वाळलेल्या आणि चिरलेल्या फांद्या उतरवल्या, त्याही खोडाला चाटून नाही, तर फांदीच्या बुडाशी असलेली फुगीर कड शाबूत ठेवून. कापल्या जागी डांबर किंवा रंग लावू दिला नाही. झाड जखम भरत नाही, ती आतून बंदिस्त करतं, हे अमेरिकेतल्या अॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून दाखवून दिलं. रंगाने त्यात मदत होत नाही. पेव्हर काढण्यावरून काहींची कुरकुर झाली, पण दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ सालीच दिला होता.

खरी परीक्षा २०२३ मध्ये झाली. स्ट्रक्चरल ऑडिटनंतर दुरुस्ती आणि नवी पाइपलाइन, म्हणजे आवारच बांधकामाची साइट. या वेळी पहिली गोणी उतरण्याआधी चिंचेभोवती बांबूचं कुंपण पडलं. सिमेंट कालवायची जागा पंपरूमच्या मागे गेली. पाइपलाइन कुंपणाच्या आतून नेण्यावाचून मार्ग नव्हता, तिथे जेसीबी बंद. मजुरांनी हाताने चर खोदला, अंगठ्याहून जाड मुळं तशीच ठेवली आणि पाइप खालून सरकवला. चार दिवस जास्त लागले. ठेकेदार आधी हसला, नंतर त्याचाच मुकादम कुंपणाला टेकून ठेवलेल्या शिड्या काढायला लावू लागला.

आता पुढचं. बांधकामात झाडासाठी किती जागा सोडायची, याचं ब्रिटिश मानक १९८० पासून आहे. त्याच्या आजच्या आवृत्तीचा हिशेब साधा आहे. छातीच्या उंचीवर खोडाचा जो व्यास, त्याच्या बारा पट त्रिज्येचं वर्तुळ. आपल्या चिंचेचा घेर २४० सेंटिमीटर, म्हणजे व्यास साधारण ७६ आणि त्रिज्या सव्वानऊ मीटरच्या आसपास. पुनर्विकासात ही चिंच आर्किटेक्टच्या नकाशात हिरव्या ठिपक्यासारखी काढून चालणार नाही. तिचं वर्तुळ आधी आखावं लागेल, मग तळघर, रॅम्प आणि भराव. बेसमेंटची भिंत एकदा नकाशावर आली की वृक्षतज्ज्ञाला बोलावून उपयोग नाही. त्याची नेमणूक आर्किटेक्टबरोबरच व्हावी आणि कुंपण मोडल्यास दंड किती, हे करारात आकड्यात लिहावं, अशी माझी सूचना आहे. ‘झाडांची काळजी घेतली जाईल’ असं वाक्य १९९८ च्या पत्रकातही होतं.

चिंचेचं वय वृक्षतज्ज्ञांनी साठच्या पुढे धरलं आहे. ती गेली तर साठ झाडं लावायची. आपल्या आवारात तेवढ्या कुंड्यासुद्धा मावत नाहीत.

गेल्या महिन्यात ते वर्तुळ मी आणि सेक्रेटरींनी टेप धरून चुन्याने आखलं. एका बाजूला ते कंपाउंडच्या भिंतीपलीकडे जातं, तिथे आपला हक्क नाही. आपल्या बाजूच्या भागात सध्या सात गाड्या उभ्या राहतात. त्या कोणाच्या आणि कुठे हलवायच्या, हा विषय येत्या सर्वसाधारण सभेत अनुक्रमांक ६ वर आहे.