पोट लहान झाले, आता पुढे?

२०११ मध्ये नितीन गडकरी यांनी मुंबईत वजन घटवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा आपल्या विदर्भात अनेकांनी ‘बॅरिअॅट्रिक’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला. शस्त्रक्रिया मात्र बरीच जुनी.

१९५०च्या दशकात अमेरिकेत लहान आतड्याचा मोठा भाग वगळून अन्नाची वाट आखूड करत. वजन झपाट्याने उतरे. मागाहून जुलाब, मूतखडे, काहींचे तर यकृतच निकामी. ती पद्धत शेवटी सोडून द्यावी लागली. आयोवाच्या डॉ. एडवर्ड मेसन यांनी पाहिले, की अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्यांचे वजन सहसा वाढत नाही. त्यातून १९६६ मध्ये गॅस्ट्रिक बायपास आली.

तुमच्या डिस्चार्ज कार्डावरच्या सूचना अशाच अनुभवांतून आल्या आहेत. जेवताना पाणी नको. पुरणपोळी खाल्ल्यावर धडधड, घाम, जुलाब होऊ शकतात. साखर आतड्यात एकदम उतरते म्हणून. भाकरीआधी वरण, अंडे, पनीर संपवा.

गोळ्यांचे मात्र सगळेच विसरतात! बी-१२चा यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे गोळ्या सोडूनही बरे वाटते. मग पायाला मुंग्या येतात, तोल जातो. ही नसांची इजा नेहमीच पूर्ण भरून येत नाही.

आणि उलट्या थांबत नसतील, तर चिखली असो की खामगाव, सलाइन लावण्याआधी डॉक्टरांना शस्त्रक्रियेबद्दल सांगा. ग्लुकोजच्या आधी बी-१चे इंजेक्शन द्यावे लागते.