वाफेच्या इंजिनाचा हिशेब आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

१/९
कृत्रिम बुद्धिमत्ता वीज खाते की वाचवते? अभियंते म्हणतात, तिच्या मदतीने कमी पोलादाचे पूल आणि कमी वीज लागणाऱ्या इमारती घडवता येतील. टीकाकार तिच्या विजेच्या बिलाकडे बोट दाखवतात. हा वाद नवा वाटतो, परंतु त्याचे मूळ अठराव्या शतकातील इंग्लंडच्या खाणींत सापडते. #धागा

२/९
१७१२ साली थॉमस न्यूकोमेनचे वाफेचे इंजिन डडलीजवळच्या खाणीतील पाणी उपसू लागले. ते विलक्षण खादाड होते. प्रत्येक फेरीत सिलिंडर तापवायचा आणि पुन्हा थंड करायचा, यातच बहुतेक उष्णता वाया जाई. खाणीच्या तोंडाशी कोळसा स्वस्त, म्हणून ते परवडे.

३/९
जेम्स वॉटने वाफ थंड करण्यासाठी स्वतंत्र पात्र जोडले आणि १७६९ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. सिलिंडर आता तापलेलाच राही. तेवढ्याच कामाला जुन्या इंजिनाच्या सुमारे चौथाई कोळसा पुरू लागला.

४/९
वॉट आणि त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन यांची आकारणी मोठी रंजक होती. जुन्या इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश भाग ते घेत. त्यासाठी इंजिनाच्या तुळईवर फेऱ्या मोजणारे यंत्र बसवले जाई, तेही कुलूपबंद पेटीत!

५/९
पण पुढे काय झाले? इंजिन काटकसरी झाल्यामुळे कोळशापासून दूर असलेल्या कॉर्नवॉलच्या खाणींनाही ते परवडू लागले. चाके फिरवण्याची सोय होताच ते कापडगिरण्यांत शिरले. एका इंजिनाची भूक घटली, इंजिनांची संख्या मात्र वाढत गेली.

६/९
१८६५ मध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने ‘द कोल क्वेश्चन’ या ग्रंथात हेच मांडले : इंधनाच्या काटकसरीने त्याचा एकूण खप घटतो, ही समजूतच चुकीची आहे. १९१३ मध्ये ब्रिटनचे कोळसा उत्पादन सुमारे २८.७ कोटी टनांच्या शिखरावर पोहोचले.

७/९
आता वर्तमानाकडे वळू. डेटा सेंटर थंड ठेवण्याची वीज कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे ४० टक्क्यांपर्यंत वाचल्याचे गूगलने २०१६ मध्ये जाहीर केले. ही वॉटच्या जातीची बचत. मात्र आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार जगभरच्या डेटा सेंटरांनी २०२४ मध्ये सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, आणि २०३० पर्यंत हा आकडा ९४५ अब्जांवर जाईल.

८/९
तरीही जेव्हन्सचा शब्द अंतिम मानू नये. खनिज तेल कोळशाची जागा घेऊ शकेल, हे त्याला पटले नव्हते. शिवाय प्रत्येक मागणी अमर्याद नसते. पुलाचे पोलाद वाचले म्हणून एकाच नदीवर कुणी चार पूल बांधत नाही. अशा ठिकाणची बचत टिकू शकते.

९/९
म्हणून ‘इतके टक्के ऊर्जा वाचली’ असे वाचाल, तेव्हा दोन प्रश्न अवश्य विचारा. बचत एका यंत्राची की एकूण खपाची? आणि मोजली कोणी? वरचा ४० टक्क्यांचा आकडा कंपनीनेच दिलेला आहे. वॉटच्या पेटीला कुलूप होते, कारण त्या मोजणीवर दोन्ही पक्षांचे पैसे ठरत. आजच्या हिशेबाची पेटी अजून उघडीच आहे.