न्यूयॉर्कचीं प्रांगणें व चित्रफितीची साक्ष

वस्तूंची किंवा वास्तूंची रचना शिकणारे विद्यार्थी आज पुष्कळदां पेन्सिलीआधीं कॅमेरा हातीं घेतात. ज्यांच्यासाठीं रचना करावयाची त्या माणसांचें रोजचें वागणें टिपून घेतात आणि मग आराखड्याकडे वळतात. या प्रघाताच्या पूर्वेतिहासांत न्यूयॉर्क शहरांतील एक प्रकरण मोठें बोधप्रद आहे.

१९६१ सालीं त्या शहरानें बांधकामाचा नवा नियम केला. इमारतीपुढें लोकांसाठीं मोकळें प्रांगण ठेवणाऱ्या मालकास दर १ चौरस फुटामागें १० चौरस फूट जादा बांधकामाची मुभा मिळूं लागली. प्रांगणें झालीं, पण त्यांतलीं कित्येक ओस पडलीं. १९५८ सालच्या सीग्रॅम इमारतीपुढचें प्रांगण मात्र दुपारीं गजबजलेलें असे. असें कां व्हावें?

विल्यम व्हाइट हे मूळचे पत्रकार. १९७० मध्यें त्यांनीं तरुण निरीक्षकांची लहानशी मंडळी जमविली. तींत हंटर कॉलेजचे विद्यार्थीही होते. उंच जागीं कॅमेरे बसवून त्यांनीं १६ प्रांगणें व ३ छोटीं उद्यानें न्याहाळलीं. त्यांची पहिली अटकळ उन्हाची होती, मग जागेच्या आकाराची. दोन्ही अपुऱ्या पडल्या. अखेर जें उत्तर हातीं आलें, तें सांगावयास संकोच वाटावा इतकें साधें होतें: जेथें बसावयास जागा मुबलक, तेथें माणसें अधिक. सीग्रॅमपुढें बाकें नव्हतीं, पण कट्टे व पायऱ्या होत्या!

खरी मौज अशी कीं, निरीक्षकांचेही अंदाज चुकले. रस्त्यांत भेटलेलीं माणसें बोलण्यासाठीं गर्दीतून बाजूस सरत असतील, असें त्यांना वाटलें होतें. चित्रफितींत दिसलें कीं तीं वाहत्या गर्दीच्या मध्यावरच उभीं राहतात. हलवितां येणारी खुर्ची मिळाली तर मनुष्य ती उगीच दोन बोटें सरकवितो आणि मगच बसतो. आपल्या घरीं आलेला पाहुणाही हेंच करतो; पण विचारल्यास त्याला तें आठवणार नाहीं.

१९७५ सालीं नियम सुधारला. प्रांगणाच्या दर ३० चौरस फुटांमागें १ फूट लांबीची बैठक आवश्यक झाली. १९८० सालीं व्हाइट यांचें पुस्तक व त्याच नांवाचा चित्रपट निघाला.

एक शल्य मात्र राहतें. चित्रफितींतल्या माणसांस आपण टिपले जात आहोंत याचा बहुधा पत्ताच नसे. आजच्या विद्यार्थ्यास आधीं संमति मागावी लागते. आणि ती दिली कीं मनुष्य सावरून बसतो, खुर्ची सरकविणारा तो बेसावध हात दिसेनासा होतो. व्हाइट यांच्या मंडळीस ही अडचण नव्हती. आजच्या विद्यार्थ्यास ती आहे, आणि ती असावी असेंच मला वाटतें.