रस्त्याला बावटा नाही

विठ्ठलवाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गाळ्यात मी एकोणीस वर्षे बिल्ट्या लिहिल्या. माल पाठवणारा, माल घेणारा, नगांची संख्या, वजन, गाडीचा नंबर, भाडे. आणि खाली बारीक अक्षरात 'माल मालकाच्या जोखमीवर'. २६ जुलै २००५ रोजी दुपारी बाराच्या सुमारास उल्हासनगरच्या फर्निचरची एक बिल्टी फाडून मी गाडी मुरबाड-माळशेजमार्गे आळेफाट्याकडे रवाना केली. ड्रायव्हर जुन्नरकडचे, वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. "मामा, पाऊस वाढतोय, उजेड आहे तोवर घाट चढा," एवढेच मी बोललो. त्यापेक्षा जास्त मला ठाऊकही नव्हते. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३, हे आकडे पुढे सगळ्यांना पाठ झाले. त्या दुपारी ते कुणापाशीच नव्हते.

गाडी वाटेत दोन ठिकाणी अडकली आणि रायत्याला पोचेपर्यंत अंधार पडला. कल्याण-मुरबाड रस्ता तिथे उल्हास नदी ओलांडतो. पुलाच्या अलीकडे दिव्यांच्या झोतात रस्त्यावर एक ओली फांदी आडवी दिसली, म्हणून मामा थांबले. जवळपास मोडलेले झाड नव्हते. म्हणजे फांदी कुणीतरी आणून टाकली होती. तिसऱ्या दिवशी गाडीसकट ते परत आले, तेव्हा मी विचारले, "फांदी नसती तर?"

"तर काय? अंधारात पाणी रस्त्यासारखंच दिसतं."

ती फांदी टाकणे हे नेमके कुणाचे काम होते, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला. संशोधनाची पद्धत मला कुणी शिकवलेली नाही. सुट्टीच्या दिवशी ग्रंथालये, रद्दीवाल्यांकडचे जुने सरकारी अहवाल आणि म्हाताऱ्या ड्रायव्हरांची बोलणी, एवढ्या भांडवलावर जे हाती लागले ते इथे मांडतो.

आपल्याकडे वादळाची पद्धतशीर सूचना पहिल्यांदा मिळाली ती जहाजांना. ५ ऑक्टोबर १८६४ च्या चक्रीवादळाने कलकत्ता बंदराची धूळधाण केली आणि पुढच्याच वर्षी तिथे इशाऱ्याची व्यवस्था सुरू झाली. भारतीय हवामान खाते १८७५ चे. म्हणजे खात्याच्या दहा वर्षे आधी बावटा आला! १८८० मध्ये पश्चिम किनाऱ्यावरची मुंबई, रत्नागिरी, वेंगुर्ले ही बंदरे या व्यवस्थेत आली. कोकणात आजही 'तीन नंबरचा बावटा लागला' असे म्हणतात. खरे तर तो कापडी बावटा नव्हे. दिवसा डोलकाठीवर शंकू आणि नळकांड्यांच्या आकृत्या चढवतात, रात्री तांबडे-पांढरे दिवे. अक्षर न वाचणाऱ्या तांडेलालाही कळावी अशी ही लिपी. पण मला त्या आकृत्यांपेक्षा काठी महत्त्वाची वाटते. ती बंदराच्या आवारात उभी असे. तार बंदर अधिकाऱ्याच्या नावाने येई आणि खूण चढवायची राहिली तर जाबही त्यालाच द्यावा लागे.

रेल्वेचे तसेच. हवामान खात्याकडे अतिवृष्टीचा इशारा कुणाकुणाला तारेने कळवायचा याची नोंदणीकृत यादी असे. तीत जिल्हाधिकारी होते, पाटबंधाऱ्याचे आणि बांधकामाचे अभियंते होते, रेल्वेचे अधिकारी होते. तार आली की रेल्वेची पावसाळी गस्त कडक होई. कसाऱ्याच्या आणि बोर घाटात कंदील घेऊन रात्रभर रूळ तुडवणारे गस्तवाले हे त्या तारेचे शेवटचे टोक. त्यांच्या झोळीत लाल झेंडी असे आणि रुळावर ठेवायचे फटाके असत. इंजिनाचे चाक त्यावरून गेले की धडाका होतो आणि ड्रायव्हर गाडी उभी करतो. शेतकऱ्यांसाठी हवामानाचे खास वार्तापत्र १९४५ मध्ये निघाले. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, हे रेडिओवर ऐकत तर आपण सगळेच वाढलो. ट्रक हाकणाऱ्याला उद्देशून मात्र एकही वाक्य मला जुन्या कागदांत सापडले नाही. तारेला पत्ता लागतो, आणि ट्रकवाला कुठल्याच पत्त्यावर नसतो.

रस्त्यालाही एके काळी स्वतःचा माणूस होता: सार्वजनिक बांधकाम खात्याचा मैलकुली. नावातच त्याची हद्द आहे. गटारे उपसणे, खड्डे बुजवणे, झाडांच्या बुंध्यांना चुना-गेरू लावणे ही त्याची रोजची कामे, आणि पावसाळ्यात दरडीची माती ओढणे. आपल्या मैलातली कुठली मोरी किती पावसाला तुंबते हे त्याला अहवाल न वाचता कळे. हवामान खात्याची तार त्याला येत नसे हे खरे, पण रस्त्यात फांदी टाकायला तारेची गरज नसते. पुढे रिकामी झालेली पदे भरली गेली नाहीत, देखभाल ठेकेदारांकडे गेली आणि मैल मोजणारे दगडही किलोमीटरचे झाले.

मग ट्रकवाल्यांनी आपली सोय आपण लावली. समोरून येणाऱ्याने दिवे दोनदा मिचकावले की पुढे काहीतरी आहे. खिडकीतून हात काढून तळवा खाली दाबला की 'सावकाश'. घाट बंद असेल तर पायथ्याच्या ढाब्यावर खाटा भरलेल्या दिसत, विचारायचीही गरज नसे. आणि जकात नाका! नाक्यांना शिव्या सगळ्यांनीच घातल्या, मीही घातल्या. पण तिथे पावतीसाठी तासभर रांगेत उभे राहिलेले क्लीनर एकमेकांना काय सांगत असत? कुठे रस्ता खचला, कुठे पाणी चढले, कुठे पोलीस उभे आहेत. जकात गेली, २०२१ पासून टोलवर फास्टॅग सक्तीचा झाला आणि गाडीचे थांबणे कमी झाले. ते चांगलेच झाले, पण त्या रांगेत मिळणारी बातमीही गेली, याची नोंद कुणी घेतलेली मी वाचली नाही.

या सोयीत एक खोट आहे. उलट बाजूने येणारी गाडी सुखरूप आली तरच ती दिवे मिचकावणार. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी गाड्या आणि एक प्रवासी मोटार नदीत गेली, सुमारे चाळीस माणसे दगावली. पुलाची त्याच वर्षी मे महिन्यात तपासणी होऊन तो सुरक्षित ठरला होता. अंधारात पुढची गाडी दिसेनाशी होते आणि मागचा तसाच पुढे जातो. उरलेल्या गाड्या थांबवल्या त्या जवळच्या गॅरेजमधल्या एका कामगाराने. इथेही फांदी टाकणारा नेमलेला नव्हता, योगायोगाने जागा होता.

याच महाड तालुक्यात करंजाडीजवळ १६ जून २००४ रोजी कोकण रेल्वेची मत्स्यगंधा एक्स्प्रेस दरडीवर आदळून घसरली होती. त्याच्या आदल्या वर्षी, २२ जून २००३ रोजी, वैभववाडीजवळ तसाच आणि त्याहून भीषण अपघात झाला. त्यानंतर कोकण रेल्वेने स्थानकांवर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले, पानवल, मांडवी, झुआरी आणि शरावती इथल्या पुलांवर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रे लावली, पावसाळ्यासाठी कमी वेगाचे वेगळे वेळापत्रक केले. पाऊस जोराचा असेल तर चालकाने ताशी ४० किलोमीटरवर यायचे, हा नियम ठरला. त्याच डोंगरांतून, त्याच पावसात जाणाऱ्या महामार्गावरच्या ट्रकसाठी असा कुठला आकडा होता?

असा आकडा रस्त्यालाही लावता येतो, हे मला जपानच्या एका अपघातामुळे कळले. १८ ऑगस्ट १९६८ च्या पहाटे गिफू प्रांतात राष्ट्रीय मार्ग ४१ वर सहलीच्या बसगाड्यांचा एक ताफा पावसामुळे मागे फिरला होता. वाटेत दरडी कोसळल्या, गाड्या अडकल्या आणि डोंगरावरून आलेल्या चिखलाच्या लोंढ्याने दोन बस हिदा नदीत ढकलल्या. १०४ माणसे गेली. नातेवाईक कोर्टात गेले आणि १९७४ मध्ये नागोयाच्या उच्च न्यायालयाने रस्त्याच्या व्यवस्थापनातल्या दोषाबद्दल सरकारलाच जबाबदार धरले. दरम्यान तिथे नवा नियम आला होता: डोंगराळ रस्त्याचा प्रत्येक धोक्याचा तुकडा निश्चित करायचा, त्याला पावसाची मर्यादा ठरवून द्यायची आणि तेवढा पाऊस साचला की दरड पडण्याची वाट न पाहता रस्ता बंद करायचा. ड्रायव्हरला हवामान समजावून सांगायची गरजच उरत नाही, त्याला फक्त फाटक दिसते. दरड पडलीच नाही तर लोक चिडतात. ते चिडणे तिथे हिशेबात धरलेले आहे.

आपल्याकडे आता साधनांची वाण नाही. हवामान खाते जिल्हावार रंग जाहीर करते, तीन तासांचे इशारे काढते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे संदेश मोबाइलवर मराठीतही येतात, आणि २०२३ मधल्या चाचणीचा तो कर्कश आवाज पुष्कळांना आठवत असेल. पण ठाणे जिल्हा भाईंदरच्या खाडीपासून माळशेजच्या पायथ्यापर्यंत पसरला आहे. 'ठाण्याला रेड अलर्ट' यातून रायत्याचा पूल उघडा आहे की नाही ते कळत नाही. शिवाय गाडी चालवताना फोन हातात घेणे गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. गंमत अशी की गाडी कुठे आहे हे सरकारला नेमके ठाऊक असते. फास्टॅग नाक्यागणिक नोंद करतो. ई-वे बिलात गाडीचा नंबर असतो आणि मुदतही असते, दर २०० किलोमीटरला एक दिवस. पुरात अडकलात तर मुदत वाढवून मिळते, मात्र ती संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत मागावी लागते. कराच्या बाबतीत ट्रकला पत्ता मिळाला आहे!

नेमलेला माणूस असला की सगळे सुरळीत होते, असे माझे म्हणणे नाही. २७ जुलै २०१९ रोजी आमच्या शेजारीच, बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हासच्या पुरात अडकली. रेल्वेला तारा, सिग्नल, नियंत्रण कक्ष सगळे असूनही हजारभर प्रवासी होड्यांतून बाहेर काढावे लागले. फरक एवढाच की गाडी पुढे का सोडली, हे विचारायला एक खिडकी होती. २६ जुलैच्या दुपारी गाडी का सोडली, हे मला कुणीही विचारले नाही.

२००६ च्या पावसाळ्यापासून मी एक केले. रायत्याच्या एका चहाच्या टपरीवाल्याचा नंबर मिळवला आणि जोराचा पाऊस असला की गाडी सोडण्याआधी त्याला फोन करू लागलो. तो पुलाच्या खांबाकडे पाहून हातांच्या मापात पाणी सांगे. एकदा त्याच्या सांगण्यावरून मी तीन गाड्या दिवसभर रोखून धरल्या आणि पाणी पुलाला लागलेच नाही. व्यापाऱ्यांनी भाडे कापले, मालकाने ते माझ्या पगारातून वळते केले आणि पुन्हा हवामान सांगायचे नाही म्हणून बजावले. फोन मी चालूच ठेवला. फक्त गाडी थांबवण्याचे कारण वेगळे सांगू लागलो. ताडपत्री फाटली आहे, मागचा टायर एकदा दाखवून घ्या, रस्सा बदला.

मामांच्या ते लगेच लक्षात आले होते. पाऊस कोसळायला लागला की ते गाळ्यात डोकावत. "मेहताजी, आज कोणता टायर?" एवढे विचारत आणि चहाला निघून जात.