सैल स्टेअरिंगचा शोध

जुन्या जीपच्या चालकाला एक सवय जडलेली असते. रस्ता सरळ असला तरी त्याचे हात सारखे डावी-उजवीकडे हलत असतात. स्टेअरिंग दोन-तीन बोटं फिरलं तरी चाकांना पत्ता नसतो. नागपूरच्या गॅरेजमध्ये या रिकाम्या फिरण्याला ‘प्ले’ म्हणतात.

मंडळी, काही वर्षांपूर्वी काटोलहून संत्री आणणाऱ्या अशाच एका गाडीत मी बसलो होतो. जीप जुनी, मागे लोखंडी डाला बसवून तिचा पिकअप केलेला. प्ले फार झाला म्हणून चालकाने आदल्याच दिवशी कुठेतरी स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून घेतला होता. एका वळणावर समोरून एसटी आली. स्टेअरिंग वळलं, पण सरळ व्हायला तयार होईना! दोन्ही हातांनी जोर लावून त्याने गाडी कशीबशी बाजूला घेतली. दोष होता एकीकडे, इलाज झाला होता दुसरीकडे.

असं का होतं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. पूर्वी चारचाकी बग्गीचा पुढचा आख अख्खाच एका खिळीवर फिरत असे. वळण अरुंद असलं की बग्गी कलंडण्याची भीती. १८१७ साली म्युनिकच्या गेओर्ग लांकेनस्पेर्गर या बग्गी बनवणाऱ्या कारागिराने आख स्थिर ठेवला, प्रत्येक चाक आपापल्या खिळीवर फिरवलं आणि दोन्ही चाकं दांड्यांनी जोडली. आतलं चाक जास्त वळतं, बाहेरचं कमी. लंडनमधले त्याचे प्रतिनिधी रूडॉल्फ आकरमान यांनी १८१८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि रचनेला नाव आकरमान यांचंच चिकटलं. कलंडण्याची भीती कमी झाली, पण सांधे वाढले. आणि जिथे सांधा, तिथे झीज.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत ६ लाखांहून अधिक जीप तयार झाल्या. १९४५ मध्ये जे. सी. महिंद्र, के. सी. महिंद्र आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. १९४७ मध्ये तिने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्याच वर्षी फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल. १९४८ मध्ये कंपनीच्या पाटीवर ‘महिंद्र अँड महिंद्र’ आलं. पाटी बदलली, जीप तीच राहिली. ती सरकारी खात्यांत फिरली, लिलावात निघाली आणि व्यापाऱ्या-बागायतदारांच्या दारात आली.

या जुन्या जीपमध्ये बॉक्सपासून निघालेला दांडा थेट चाकाकडे जात नाही. मध्ये ‘बेल क्रँक’ नावाचा एक फिरता तुकडा असतो. त्यातून दोन टाय रॉड दोन चाकांकडे जातात. त्याची पिन आणि बुश झिजले की सगळी गाडी सैल वाटू लागते.

नागपुरात आम्ही ज्या उस्तादांकडे गेलो, ते चालकाला म्हणाले, “भाऊ, बॉक्स शेवटी पाहू. आधी खालून सुरू करू.” टायरची हवा त्यांनी सगळ्यात आधी पाहिली. मग चालक आत बसून स्टेअरिंग थोडं थोडं हलवू लागला आणि उस्ताद खाली झोपून एकेका जोडावर हात ठेवत गेले. अलीकडचा दांडा हलतो आणि पलीकडचा थांबतो, तो जोड दोषी. बॉक्स चेसिसला धरणारे बोल्टही तपासले. नंतर पुढचं चाक जॅकवर उचलून, खाली स्टँड देऊन, वर-खाली धरून हलवलं. चाक हललं, तेव्हा चालकाला ब्रेक दाबायला सांगितला. हलणं थांबलं तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, न थांबलं तर किंगपिनचा. इथे ते थांबलं.

बेल क्रँकची पिन आणि बुश नवे पडले, टाय रॉडचे दोन एंड बदलले, स्प्लिट पिना नव्या घातल्या. चाकाचं बेअरिंग बसतं केलं, ग्रीस भरलं आणि पुढच्या चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं.

बॉक्स सरळ रस्त्यावर मधोमध जास्त झिजतो. तो मधला प्ले पूर्ण काढायला स्क्रू आवळला की वळणावर, जिथे झीज कमी असते, तिथे बॉक्स जाम होतो. म्हणून सगळ्यात शेवटी उस्तादांनी तो स्क्रू आवळला नाही, उलट थोडा सैल केला.

परतीच्या वाटेवर गाडी हाताबरोबर वळू लागली. चालकाचे हात मात्र सवयीने हलतच होते आणि त्यामुळे गाडी पहिला एक मैल नागमोडी चालली.